मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गिटारी कशा सांभाळायच्या (अकॉस्टिक, इलेक्ट्रिक दोन्ही)

एकच गिटार असली की ती रोज हातात येती, तिला काय व्हायलंय ते आपोआप कळतं. पण दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा झाल्या की काही काही महिना महिना बॅगमधून बाहेर निघत नाहीत, आणि आपल्याकडं नुकसान नेमकं त्या न निघणाऱ्या गिटारीचं होतंय. म्हणून ज्याच्याकडं असं छोटंमोठं कलेक्शन आहे त्याच्यासाठी हे सगळं एका जागी लिहायलोय.

नेटवर सांभाळण्याबद्दल जे वाचाल ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतंय, त्यांच्याकडं हिवाळ्यात हीटर लावला की घरातली हवा कोरडी पडती. आपलं कॅलेंडर वेगळं. परभणी-नांदेडला मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतोय, दुपारची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येती, मग मृगाचा पाऊस लागला की थोड्याच दिवसांत तीच ८० च्या वर. गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या ४५ ते ५५ टक्के ठेवा म्हणतात. म्हणजे आपली वर्षाची दोन्ही टोकं चुकीची, आणि मधली ती उडी सगळ्यात वाईट.

लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला आकसतं आणि फुगतं. अकॉस्टिकचा वरचा पत्रा, ज्याला सगळे टॉप म्हणतात, तो जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असतोय आणि आतून आडव्यातिडव्या पट्ट्यांना चिकटवलेला असतोय, त्यामुळं त्याला आकसायचंय पण पट्ट्या आकसू देत नाहीत, मग तो तडकतो. त्यावर तारांची ओढ वेगळी, १२ गेजचा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) सुरात लावला तर सत्तर किलोच्या आसपास. टॉप सॉलिड लाकडाचा असेल तर काळजी जास्त, लॅमिनेटचा म्हणजे प्लायसारखा थर चिकटवलेला असेल तर तो बराच सोसतो. त्यामुळं कलेक्शनमध्ये आधी हे वेगळं करा की कुठली सॉलिड टॉप, कुठली लॅमिनेट, कुठली इलेक्ट्रिक. जीव सॉलिडवाल्यांत ठेवा. इलेक्ट्रिकची बॉडी भरीव असल्यानं तडकायची भीती कमी, तिची मान (नेक) आणि फ्रेट, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या, तेवढे बघायचे.

पहिली खरेदी तारा नाही, पेडल नाही, ह्युमिडिटी मीटर. घड्याळासारखं डिजिटल येतंय, स्वस्त असतंय. पण स्वस्तातलं पाच-दहा टक्के चुकीचं दाखवू शकतं म्हणून आधी मिठाची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडेच थेंब टाकून ओल्या रेतीसारखं करा, पाणी वर तरंगायला नको, मग ते झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी न उघडता आकडा बघा. ओल्या मिठाजवळची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हे ठरलेलं आहे. मीटर ६९ दाखवत असेल तर तुमचं मीटर ६ नं कमी सांगतंय, मागं चिकटपट्टीवर लिहून ठेवा, झालं.

आता जागा. पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबखाली गिटार नको, स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतोय. पश्चिमेची भिंत नको, त्या भिंतीवर हँगर ठोकून गिटारी लावल्या की फोटो छान येतात पण संध्याकाळी त्या भिंतीला हात लावून बघा म्हणजे कळेल. माळा नको, लोखंडी कपाट नको. कुणाच्या घरी जुनी माळवदाची खोली अजून शाबूत असेल तर त्याच्यासारखा नशीबवान नाही, ऊन आत येतच नाही तिथं, फक्त वाळवी आणि उंदीर बघून घ्या, म्हणजे केस (गिटारीची पेटी) जमिनीवर न ठेवता पाटावर आणि भिंतीपासून हातभर लांब. साध्या घरात आतली, मधली खोली निवडा जिला बाहेरची भिंत एकच आहे.

कूलरचं नीट समजून घ्या कारण घरोघरी तोच आहे. कूलर हवा ओली करतोय, त्यामुळं काहीजण म्हणतात गिटारीला चांगलंच की. चांगलं नाही, कारण रात्रभर कूलर चालला की खोली ७० टक्क्यांवर जाती, लाईट गेली किंवा सकाळी बंद केला की दुपारपर्यंत परत २०. रोज असं वरखाली झालं तर लाकूड थकतं. कूलरच्या खोलीत गिटार ठेवायचीच असेल तर केसमध्ये, केस बंद, आणि झोताच्या समोर अजिबात नाही.

उन्हाळ्याचा खरा इलाज म्हणजे बंद केस आणि आत ओलावा. हार्ड केस सगळ्यात भारी, जाड फोमची गिगबॅगही चालती, पातळ कापडी कव्हर धूळ अडवतंय बाकी काही नाही. ओलाव्यासाठी बाजारात पुड्या मिळतात ज्या गरजेप्रमाणं ओल सोडतात आणि ओढून पण घेतात, त्या महाग पडतात आणि आपल्या मे मध्ये लवकर कडक होतात. घरचा उपाय असा: प्लास्टिकची साबणाची डबी, वरच्या बाजूला गरम खिळ्यानं भोकं पाडलेली, आत स्पंजचा तुकडा. स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, इतका की डबी उलटी केली तरी थेंब पडला नाही पाहिजे. एक डबी केसमध्ये हेडस्टॉकजवळ, म्हणजे खुंट्यांच्या टोकाजवळ, एक बॉडीच्या कमरेजवळ जागा असेल तर तिथं. पाणी बोअरचं वापरू नका, आपलं पाणी खारं, स्पंजवर पांढरा थर धरतो आणि तो दगड होतो. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. मार्चच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा, मे मध्ये दोन-तीनदा स्पंज बघायचा. मीटर केसमध्येच ठेवा, खोलीत नाही.

हे करूनही गिटार कोरडी पडायली का ते हातानं ओळखायचं. डावा अंगठा नेकच्या कडेनं वरून खाली फिरवा. कडा गुळगुळीत लागली तर ठीक, करवतीच्या दातासारखं टोचलं तर फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचं, लाकूड आकसलंय आणि फ्रेटची धातूची टोकं बाहेर डोकावायलीत. दुसरी खूण, स्टीलची फूटपट्टी ब्रिजच्या (तारा टॉपवर जिथं अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागं टॉपवर आडवी उभ्या धारेनं ठेवा आणि पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा. चांगल्या टॉपला किंचित फुगवटा असतो, पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना उजेड दिसतो. उजेड मध्यभागी दिसला म्हणजे टॉप खाली बसलाय, ही धोक्याची घंटा. अशा वेळी फ्रेट घासायला कुणाकडं नेऊ नका आणि ट्रस रॉडला, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईला, पाना लावू नका! आधी केसमध्ये दोन डब्या ठेवून आठ-दहा दिवस ओलावा द्या. पुष्कळदा टोकं आपसूक आत जातात, ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, परत जागेवर येती. उन्हाळ्यात घासून घेतलेले फ्रेट पावसाळ्यात लाकूड फुगलं की आखूड पडतात, ते पैसे आणि फ्रेट दोन्ही गेले.

ओलावा बरोबर झाल्यावर मगच मानेचा बाक मोजायचा. तारा सुरात, पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाड तार जिथं मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं कसायचा, फट नसेलच आणि तार फ्रेटला चिकटत असेल तर उलटा सैल करायचा. एका वेळी आठवा भाग, फारतर पाव फेरा, मग एक रात्र थांबा. पाना अडला तर जोर लावू नका, तिथं कारागिराचंच काम. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अकॉस्टिकला अडीच मिलिमीटर आणि इलेक्ट्रिकला १.६ ते २ असली की बहुतेकांच्या हाताला बसती.

फ्रेटबोर्डला लेमन ऑइल वर्षातून एकदा-दोनदा, कापडावर दोन थेंब, लावून पाच मिनिटांत पुसून. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. आणि पिवळट मेपलचा चकचकीत फ्रेटबोर्ड असेल तर काहीच लावायचं नाही, त्याच्यावर पॉलिश असतं. शिसवाचा असेल तर तो मुळात तेलकट, बराच टिकतो. आणि हे शिसव आपल्या देशातलं आहे बरं का, ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झाल्यावर मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, आज जगभरातल्या गिटारींच्या पाठी आणि फ्रेटबोर्ड त्याचे असतात.

पावसाळ्यात उलटं. टॉप फुगतो, ॲक्शन वर जाती, आवाज दबका येतो. साबणाच्या डब्या काढून टाका, सिलिका जेल (ओल ओढून घेणारे दाणे) ठेवा, रंग बदलला की कढईत मंद आचेवर सुकवून परत वापरा. केसला कुबट वास आला तर मोकळ्या दिवशी दोन तास उघडी ठेवा, उन्हात नाही. तारा पुसल्याशिवाय केस बंद करू नका, घामाचा गंज जुलैत दोन दिवसांत धरतो.

इलेक्ट्रिकवाल्यांनी दोन गोष्टी बघा. धुळीनं व्हॉल्यूमची नॉब फिरवताना खरखर येती, मोबाईल रिपेअरवाल्याकडं मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आत एक फवारा मारून नॉब वीस-तीसदा फिरवा. आणि अर्थिंग, ह्याच्याकडं कुणी बघत नाही. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचे हात सतत त्या सर्किटवर आहेत. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते नॉर्मल आहे, पण हाताला झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. आपल्याकडं काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळती आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळं पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये काम करत नाही. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा. थ्री पिनची अर्थिंगची जाड पिन मोडून ॲम्प लावायची सवय असेल तर आजच सोडा. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी (कॉइल) आणि चुंबक; त्यातले सिंगल कॉइल, म्हणजे १९५४ पासूनच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर असतात तसले, थोडी गुणगुण करणारच, हंबकर नावाच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट्या जोडून ती मारलेली असती, म्हणून वायरिंग जुनं असलेल्या घरात हंबकरवाली गिटार सुखाची.

स्टँडचं रबर पण तपासा. महाग गिटारीवर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असेल तर काही रबरांनी ते वितळून डाग पडतो, सुती कापड गुंडाळा. आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत गिटार दहा मिनिटं पण ठेवू नका, सरस मऊ पडून ब्रिज उचलतो, तो परत चिकटवणं फार नाजूक काम आहे.

कलेक्शनमध्ये अजून एक जुनी घ्यायचा विचार असेल तर ती मे महिन्यात बघायला जा. पावसाळ्यात लाकूड फुगून बारीक चिरा मिटलेल्या असतात, फ्रेटची टोकं आत गेलेली असतात, मालकालाही माहीत नसतंय. उन्हाळ्यात सगळं उघडं पडतं. अंगठा फिरवा, ब्रिजच्या मागच्या कडेत कागदाचा तुकडा सरकतो का बघा, साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च टाकून आतल्या पट्ट्या सुटल्यात का बघा, टॉपवर बोटाच्या पेरानं हळू टकटक करा, सुटलेली पट्टी फुटक्या मडक्यासारखी वाजते. एवढं बघून झाल्यावर मग सुरात लावा आणि निवांत अर्धा तास वाजवा, भाव त्याच्यानंतर.