मजकूर फाइलमधील मराठी नोंदी तक्त्यात नीट दिसण्यासाठी

मजकूर फाइलमधील नोंदी डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या तक्त्यात दाखवताना मराठी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटली, तर फॉन्ट बदलत बसण्याआधी फाइल कोणत्या एन्कोडिंगने (अक्षरे बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीने) वाचली जात आहे, ते तपासावे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'की' या अक्षरात क आणि वेलांटी मिळून ६ बाइट होतात, आणि एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या विंडोज-१२५२ या एन्कोडिंगने तीच फाइल वाचल्यास तेथे ६ असंबद्ध चिन्हे दिसतात, ज्यांतले शेवटचे चक्क युरोचे असते. म्हणून फाइल उघडणाऱ्या ओळीतच यूटीएफ-८ स्पष्टपणे नमूद करावे. संगणकाच्या मूळ सेटिंगवर विसंबू नये.

फाइलच्या आरंभी ३ बाइटांची बीओएम खूण (एन्कोडिंग ओळखण्यासाठी घातलेली, डोळ्यांना न दिसणारी खूण) असल्यास पहिल्या स्तंभाचे नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही तुलनेत जुळत नाही. ही चूक सहजासहजी सापडत नाही, त्यामुळे तिची शंका आधीच घ्यावी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत 'यूटीएफ-८-सिग' (utf-8-sig) हे एन्कोडिंग दिल्यास ती खूण आपोआप वगळली जाते.

फाइल मोठी असल्यास वाचनाचे काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) सोपवावे, मात्र तक्त्यात ओळी भरण्याचे काम मुख्य थ्रेडवरच ठेवावे.