व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ऊर्जाखर्च कसा मोजावा

कॅलरीमीटर (श्वासातल्या वायूंवरून ऊर्जाखर्च मोजणारं यंत्र) जोडला की आकडा येतोच. तो रुग्णाचा आहे की गळक्या सर्किटचा, हे बघणं आपलं काम.

एफआयओटू, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, 0.6 च्या वर असेल तर मोजायला बसू नका. आत जाणाऱ्या हवेचा हिशेब यंत्र नायट्रोजनवरून लावतं आणि त्यात भाजक असतो 1 वजा एफआयओटू. 0.4 ला तो 0.6 भरतो, 0.8 ला जेमतेम 0.2, सेन्सरची किरकोळ चूकही मग फुगते. छातीच्या नळीतून बुडबुडे येत असतील किंवा श्वासनळीतल्या ट्यूबचा कफ (तिच्याभोवतीचा फुगा) गळत असेल, तरी तेच: श्वास यंत्रापर्यंत पूर्ण पोहोचतच नाही. कफचा दाब 20 ते 30 सेंमी पाणी ठेवा.

यंत्र अर्धा तास तापू द्या, मग गॅसने कॅलिब्रेट करा. हवेचा दाब हाताने भरावा लागत असेल तर मुंबईत तो 750 ते 760 मिमी पारा असतो. पुण्यात वापरून आलेल्या यंत्रात जुनाच आकडा राहिलेला सापडतो. सॅम्पल लाइनचं (श्वासाचा नमुना यंत्राकडे नेणाऱ्या नळीचं) तोंड वरच्या बाजूला ठेवा. एसीच्या गारव्यात ओलसर श्वासाचं पाणी होतं आणि लाइन तुंबते. वॉटर ट्रॅप आधीच रिकामा करा.

मोजणीआधी तासभर व्हेंटिलेटरच्या सेटिंगला हात नको. स्पंजिंग, सक्शन, फिजिओ अर्धा तास आधी उरकायला सिस्टरना सांगून ठेवा. नळीतून फीड चालू असेल तर त्याच वेगाने चालू द्या. पहिली 5 मिनिटं सोडून द्या. पुढच्या सलग 5 मिनिटांत व्हीओटू (मिनिटाला वापरला जाणारा ऑक्सिजन) आणि व्हीसीओटूचा (मिनिटाला बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा) चढउतार 10 टक्क्यांच्या आत असेल तीच सरासरी घ्या.

त्यावरून दिवसाचा ऊर्जाखर्च काढायचं वीअरचं सूत्र: (3.941 × व्हीओटू + 1.106 × व्हीसीओटू) × 1.44. व्हीओटू 250 आणि व्हीसीओटू 200 मिली प्रतिमिनिट असेल तर दिवसाला सुमारे 1737 किलोकॅलरी. आरक्यू, म्हणजे व्हीसीओटू भागिले व्हीओटू, इथे 0.8. तो 0.67 च्या खाली किंवा 1.3 च्या वर गेला तर रुग्णाच्या चयापचयाचे तर्क लढवू नका, गळती शोधा. डायलिसिस चालू असताना कार्बन डायऑक्साइड त्या वाटेनेही निघून जातो. तेव्हाचा आकडा कमीच येणार.

कॅलरीमीटर नसेल आणि व्हेंटिलेटर व्हीसीओटू दाखवत असेल, तर त्याला 8.19 ने गुणा. वरच्या रुग्णाचे 1638 येतात. यात आरक्यू 0.86 धरलेला असतो, तेवढी तफावत राहणारच. तरी किलोमागे 25 किलोकॅलरी धरून वजनाला 25 ने गुणण्यापेक्षा बरं.

डाएटिशियनला आकडा देताना प्रोपोफॉल (चरबीयुक्त द्रावणात येणारं गुंगीचं औषध) विसरू नका: 1 टक्क्याच्या द्रावणात मिलीला 1.1 किलोकॅलरी, म्हणजे तासाला 10 मिलीने दिवसाचे 264. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत मोजलेल्या खर्चाच्या 70 टक्क्यांहून जास्त कॅलरी देऊ नका.