काउंटरवर बसल्या बसल्या ऑनलाइन शोध अन् सोशल मीडिया कसं शिकायचं (वाचनालयातल्या मंडळींसाठी)

आधीच सांगून ठेवतो, मी काही कॉम्प्युटरवाला माणूस नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्याकडे माणसं चार, कॉम्प्युटर एक, आणि एक प्रिंटर, त्याचा मूड असला तर. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्यापैकी कुणालाच गुगलवर नाव टाकून पहिली लिंक उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं, आता बऱ्यापैकी जमतं, ते कसं जमवलं तेवढं लिहितो.

ट्रेनिंगला आम्हीही गेलो होतो एकदा. दिवसभरात पंचवीस-तीस वेबसाइटी दाखवल्या, पीपीटी अशी पळत होती की वहीत नाव लिहीपर्यंत पुढची स्लाइड, जेवण मात्र मस्त होतं, वरण-बट्टी अन् वांग्याची भाजी. परत येताना एसटीत एकमेकांना विचारलं तर एकालाही एक वेबसाइट धड आठवेना, भाजी सगळ्यांना आठवत होती. शिकवणाऱ्याचा दोष नाही हो, पण ज्याचा प्रश्नच आपल्याला पडला नाही त्याचं उत्तर डोक्यात राहील कसं?

म्हणून आम्ही उलटं सुरू केलं. दोनशे पानी वही आणली आणि देवघेवीच्या काउंटरवर दोरीने बांधून ठेवली (दोरी नसली तर वही घरी जाते, अनुभव आहे). डाव्या पानावर वाचकाचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत, सुधारून नाही. उजव्या पानावर कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाइप केले, किती वेळ लागला, सापडलं की नाही. रोज प्रत्येकाने एक प्रश्न घ्यायचा, वीस मिनिटांच्यावर बसायचं नाही, आणि नाही सापडलं तर लाल शाईने लिहायचं. बस, एवढाच कोर्स.

नंतर कळलं की असलं काहीतरी अमेरिकेत २००६ सालीच करून झालंय. शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या छोट्या गोष्टींची यादी काढली होती, ज्याची त्याने आपल्या वेळेत करून बघायची, आणि पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. आम्ही पंचवीस प्रश्नांना एक कचोरी असा रेट ठेवला, तोही चालला.

आता शोधायचं कसं ते एका प्रश्नावरून सांगतो. यावल बाजूचा एक मुलगा, वडिलांची केळी, तो म्हणे "सर, हरण्यावर काही आहे का?" आमच्या वाचनालयातल्या सहकारी ताईंनी मराठीत 'हरण्या' टाकलं तर हरणांचे फोटो अन् एक-दोन बातम्या आल्या. इथे पहिला धडा, लोक बोलतात तो शब्द आणि संशोधनात असतो तो शब्द वेगळा, आणि आपलं अर्धं काम त्या दोघांमधला पूल शोधणं. त्यातल्या एका बातमीतच लिहिलेलं होतं की हरण्या म्हणजे केळीवरचा सीएमव्ही रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मग ताईंनी तो इंग्रजी शब्द आणि 'बनाना' असं कृषीकोशवर टाकलं. कृषीकोश म्हणजे देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेली साइट आहे, फुकट आहे, आणि आमच्या अख्ख्या केळीपट्ट्यात ती मोजक्याच लोकांना माहीत असेल. रोग मावा ही कीड पसरवते, काकडीवर्गीय वेल केळीजवळ नको, वगैरे सगळं तिथे सापडलं आणि ताईंनी ते अर्ध्या पानात मराठीत लिहून दिलं. शेवटी "औषधाचं काय ते जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचार" असंही लिहिलं. हे शेवटचं वाक्य विसरू नका, आपण ग्रंथालयवाले आहोत, डॉक्टर किंवा कृषी अधिकारी नाही, माहिती शोधून द्यायची, फवारणी सांगायची नाही.

गुगलच्या युक्त्या चारच शिका, पण हाताला बसेपर्यंत. शब्दसमूह अवतरणचिन्हात टाकला की तो तसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह, मधे जागा न सोडता, आणि याचा आम्हाला रोज उपयोग, कारण जळगाव शोधलं की बुलढाण्याचं जळगाव जामोद मधे येतंच येतं, वजा जामोद केलं की साफ. एकाच वेबसाइटमधे शोधायचं तर इंग्रजीत साइट लिहायचं, लगेच कोलन, लगेच त्या वेबसाइटचा पत्ता. आणि फक्त पीडीएफ पाहिजे तर इंग्रजीत फाइलटाइप, कोलन, पीडीएफ.

स्पेलिंगचा ताप वेगळाच. अमळनेर कुणी अंमळनेर लिहितं, जळगाववर कुणी टिंब देतं कुणी देत नाही, आणि जुन्या इंग्रजी कागदात धुळ्याला धुलिया म्हणतात, त्या स्पेलिंगने शोधल्याशिवाय अर्धा माल हाती लागत नाही. वर जिल्ह्यांचा घोळ. १९०६ साली खानदेशचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, म्हणजे १९२०-३० च्या काळातलं जळगावकडचं काही पाहिजे असेल तर 'जळगाव जिल्हा' टाकून काय मिळणार, 'ईस्ट खानदेश' टाका. नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधीचं सगळं धुळ्याच्या नावावर. हे आम्ही एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या बाजूला भिंतीवर चिकटवलंय, जुनं नाव, नवं नाव, इंग्रजी स्पेलिंगं. तुमच्या तालुक्याचा असा कागद तुम्हीच बनवा, तो कुठे तयार मिळत नाही.

जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं फुकट वाचायला ठेवणारी साइट. १८८० चं खानदेश गॅझेटिअर (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), म्हणजे बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या मालिकेतला १२ वा खंड, तिथे स्कॅन केलेलं पडलंय. आमच्याकडे गावाचा इतिहास लिहिणारे दर वर्षी दोन-तीन गुरुजी येतात, त्यांना ते उघडून दाखवलं की खुर्चीवरून उठत नाहीत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच, राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरने उभी केली आहे, दोन्ही बुकमार्क करून ठेवा, जास्त सांगत नाही, उघडलं की समजतं.

शोधगंगाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. पीएचडीचे प्रबंध तिथे असतात, आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचेही. नवीन माणूस गोंधळतो कारण प्रबंध एका फाइलीत नसतो, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. तर पहिलं प्रकरण उघडत बसू नका, सगळ्यात शेवटची संदर्भसूची उघडा. अहिराणीवर, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीवर, एखादा प्रबंध सापडला तर त्याच्या सूचीत त्या विषयावरची पुस्तकं आयती मिळतात, मग आपल्या कपाटात त्यातली कोणती आहेत ते बघायचं. आमच्या कपाटात अशी सहा निघाली, धूळ खात, दाखल नोंदवहीत होती पण कुणाला माहीतच नाही. अहिराणी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगही एका ए ने आणि दोन ए ने, दोन्ही करून बघा.

अजून एक गंमत. सरकारी मराठी पीडीएफ कधी कधी डोळ्यांना दिसते पण सर्चमधे येत नाही, कारण ती जुन्या फाँटमधे टाइप केलेली असते, युनिकोडमधे (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत) नाही, कॉपी करून बघा, चिनी जादू दिसेल. त्यावर उपाय म्हणजे पानाचा फोटो काढून गुगल ड्राइव्हवर टाकायचा आणि गुगल डॉक्समधे उघडायचा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखून टाइप करून देतं. जोडाक्षरांत चुका होतात, एकदा मूळ पान समोर ठेवून वाचून घ्या.

आणि ते चॅटजीपीटी वगैरे. वापरा, इंग्रजी सारांश मराठीत समजून घ्यायला छान आहे, पण पुस्तकांची नावं त्याला विचारू नका. विचारलीत तर एकूण एक नाव तपासा. आम्हाला त्याने खानदेशच्या लोकगीतांवरची पाच पुस्तकं लेखक-प्रकाशक-सालासकट दिली, त्यातली तीन कुठेच सापडेनात, आणि वाचक बिचारा आंतरग्रंथालयीन देवघेवीचा (दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवायचा) अर्ज भरून बसलेला.

आता सोशल मीडिया. इथे आम्ही आधी माती खाल्ली. वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, अभ्यासिकेतली पोरं-पोरी, ज्येष्ठ सभासद, सगळे एकात. महिन्याभरात सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी राजकारण, रात्री भांडण. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमधे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, अभ्यासिकेतल्या एका मुलीला कुणीतरी रात्री मेसेज करायला लागला, ती आमच्या ताईंशी बोलली म्हणून कळलं तरी. त्याच दिवशी ग्रुप बंद केला. फक्त ॲडमिनने लिहायचं असं सेटिंग असतं, पण नंबर तरीही दिसतातच. त्यामुळे आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो (मेसेज एकदाच टाकायचा, तो प्रत्येकाला वेगवेगळा जातो), एका लिस्टमधे २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून नवीन सभासद झाला की वर्गणीची पावती देतानाच त्याच्या फोनमधे नंबर सेव्ह करून घ्यायचा. माणसं जास्त झाली तर व्हॉट्सॲपवरच चॅनल काढा, तिथे फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत.

सिम वाचनालयाच्या नावाचं घ्या, कुणाच्या घरचं नको, माणूस सोडून गेला की चारशे सभासद त्याच्याबरोबर जातात. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट असतं, 'सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८' हे उत्तर दिवसातून दहा वेळा टाइप करायचं वाचतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि तो पिन सचिवांकडे बंद पाकिटात द्या. फेसबुकवर वाचनालयाच्या नावाने प्रोफाइल नका काढू, पेज काढा, प्रोफाइलला ५००० मित्रांची मर्यादा असते आणि पेज दोघं-तिघं मिळून सांभाळू शकतात.

टाकायचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वही उघडा की! जयंती-पुण्यतिथीचे फोटो सगळेच टाकतात, कुणी थांबून वाचत नाही. आम्ही 'तुमच्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर पूर्व खानदेश का लिहिलंय?' एवढीच पोस्ट टाकली, खाली गॅझेटिअरच्या पानाचा फोटो, तर लोकांनी घरातले जुने कागद कमेंटमधे टाकले. आठवड्याला वहीतला एक प्रश्न, बस. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, पारा चव्वेचाळीसला, तेव्हा सकाळीच शेड्यूल करून ठेवायची.

पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकताना मात्र सांभाळा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण २०११ पासून मोकळं, पण कालपरवाच्या कादंबरीची दहा पानं टाकली तर प्रकाशकाचा फोन येईल आणि बरोबरच येईल. मुखपृष्ठ अन् चार ओळींची ओळख पुरे. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाही.

राहिले आमचे शिपाई काका. वय अठ्ठावन्न, पहिले सहा महिने वहीकडे बघायचे नाहीत, "हाई माले नही समजस भो" म्हणून झाडू घेऊन बाहेर. एक दिवस त्यांच्या नातवाने फोनवर मराठी बोलून टाइप करायचं शिकवलं, तेव्हापासून सर्वात जास्त कचोऱ्या त्यांच्याच. अहिराणीत बोलले की फोन भलतंच लिहितो, मग काका त्याला शिव्या घालतात, त्या मात्र बरोब्बर लिहितो.

वहीत आज लाल शाईचे अकरा प्रश्न आहेत. त्यातला एक काकांनीच घेतलाय, एका ऐंशीच्या वरच्या आजोबांचा: १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनात वडील स्वयंसेवक होते, त्यांचं नाव कुठे छापलंय का? अर्काइव्हवर बघून झालं, तीन स्पेलिंगं झाली, ईस्ट खानदेश टाकून झालं. आता काका धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारायला जायचं म्हणताहेत, एसटीचं भाडं वाचनालय देणार की नाही एवढं सचिवांकडून यायचंय.