निबेला हात लावण्याआधी: महागड्या फाउंटन पेनांच्या बाबतीत या चुका टाळा

नवं कोरं पेन, सोन्याची निब, आणि पहिल्याच ओळीत अक्षर तुटतं. मग नखाने निब फाकवून पाहायची, नाहीतर पॉलिश पेपरवर घासायची. या छंदातली सगळ्यांत महागात पडणारी चूक ती हीच. निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. तो झिजला की झिजला. नवा मणी बसवून देणारे कारागीर जगातच मोजके आहेत. आणि बऱ्याचदा दोष निबेत नसतोच.

पहिलं काम धुण्याचं. नव्या पेनाच्या फीडमध्ये, म्हणजे निबेखालच्या खाचांच्या जिभेत, कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. तेलकट खाचेतून शाई सरकत नाही. वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाका आणि पेन दहा-बारा वेळा भरून रिकामं करा. नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी. मग निब खाली करून टिश्यू पेपरवर रात्रभर उभं ठेवा. घरी बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा द्या, नाहीतर क्षार खाचांत साठतात. कढत पाणी नको. स्पिरिट तर मुळीच नको: ॲक्रिलिकच्या पेनाला त्याने तडे जातात, सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं, पेन मऊ पडतं.

धुऊनही अडतंय? शाई बदला, कागद बदला, आणि मगच दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

लिहिताना एकाच दिशेला खरखर लागत असेल तर निबेच्या मधल्या चिरेच्या दोन बाजूंपैकी एक फाक दुसरीपेक्षा वर किंवा खाली असते. भिंगातून समोरून पाहिलं की पायरी दिसते. वर आलेली फाक अंगठ्याच्या नखाने अलगद खाली दाबा, दोन सेकंद धरा, सोडा, पुन्हा पाहा. एका दाबात सरळ करायला जाऊ नका. प्रत्येक शब्दाची पहिलीच रेघ चुकते, पण जरा दाबलं की उमटते, असं होत असेल तर मण्याच्या आतल्या कडा गरजेपेक्षा जास्त गोलावलेल्या असतात. हे घरी दुरुस्त करायचं काम नाही. नवं पेन असेल तर वॉरंटीत परत पाठवा. अर्धं पान छान लिहून मग शाई फिकट होत गेली, तर निब निर्दोष आहे, अडचण पुरवठ्यात आहे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या काढता येण्याजोग्या नळीत, शाई मागच्या टोकाला चिकटून बसली असेल. टिचकी मारा, पुढे येते.

पायलट कस्टम ८२३ या पेनाबाबत हाच गैरसमज फार होतो. त्याच्या शेपटीची घुंडी घट्ट बंद असली की आतला झडपेचा रबर टाकीचं तोंड बंद करतो, आणि फीडमध्ये उरलेल्या शाईवर जेमतेम पानभर लिहून होतं. लांबलचक लिहायचं असेल तर घुंडी दोन-तीन मिलीमीटर सैल करा. ते न करता या पेनाला ‘सुकं’, म्हणजे शाई कमी सोडणारं, ठरवणं अन्यायाचं आहे.

खोलण्याच्या बाबतीत सगळी पेनं सारखी समजू नका. पेलिकन एम ८०० ची निब फीडसकट हाताने उलटी फिरवून निघते. माँब्लाँ १४९ ची निब मात्र खास पान्याशिवाय निघत नाही. बोटांनी पिळलीत तर निब फीडवरून सरकते आणि नवं दुखणं सुरू होतं. पिस्टन, म्हणजे टाकीत शाई ओढणारा दट्ट्या, जड झाला तर जोर लावू नका. पेलिकनमध्ये निब काढून, टूथपिकच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन टाकीच्या आतल्या भिंतीला लावा आणि पिस्टन चार वेळा खालीवर करा. व्हॅसलीन नको, ते रबराची सील खराब करतं.

ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायच्या पेनात शाई एक तृतीयांशाखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. गळती समजून आटे जास्त आवळू नका. पेन भरून घ्या.

ड्रॉइंग इंक कुठल्याच फाउंटन पेनात घालू नका. तिच्यातली लाख किंवा कार्बन खाचांत घट्ट बसतो.

संग्रह करणाऱ्यांची नुकसानी बहुतेक कपाटातच होते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीची रत्नम पेनं असोत की जुनी वॉटरमन, ती पाण्यात बुडवून ठेवली किंवा उन्हात राहिली की काळ्याची तपकिरी होतात. धुताना फक्त निबेचा भाग ओला करा. बंद डब्यात एबोनाइटशेजारी चांदीचं पेन ठेवलंत तर गंधकाने चांदी काळवंडते. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. त्याला हवाबंद डबा नको आणि इतर पेनांची सोबतही नको. कोकणातल्या पावसाळ्यात पेन भरण्याआधी शाईची बाटली उजेडात धरून पाहा. आत धाग्यासारखं किंवा सायीसारखं काही दिसलं तर बुरशी आहे. पूर्ण बाटली टाका, गाळून वापरू नका.

माँब्लाँच्या निबेवरचा ४८१० हा आकडा अनेकजण सोन्याचा कस समजतात. ती माँब्लाँ पर्वताची मीटरमधली उंची आहे. कस पाहायचा तर ५८५ म्हणजे १४ कॅरट, ७५० म्हणजे १८. आणि १८ कॅरट म्हणून निब जास्त लवचीक असते असं नाही. ते जाडीवर आणि आकारावर ठरतं.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी पहिल्या भरणीवर मत देऊ नये. तीन भरण्या, एकच ठरलेली शाई, एकच कागद. वजन टोपणासह आणि टोपणाविना दोन्ही द्या, शाई किती मावते ते एक मिलीच्या सिरिंजने मोजा. जपानी मीडियम (मध्यम) निब साधारण युरोपीय फाइन (बारीक) निबेइतकी उमटते, म्हणून नुसतं ‘मीडियम’ न लिहिता रेघेची जाडी मिलीमीटरमध्ये सांगा. पेन टोपणासह सात दिवस आडवं ठेवा आणि आठव्या दिवशी पहिली रेघ उमटते का ते नोंदवा.