वादळ गेल्यावर बेटावरचं हवामान कसं ओळखावं?

वादळ बेटावरून पुढे सरकलं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आता उघडीप मिळेल का? उत्तरासाठी माना वर होतात आणि तिथेच फसगत होते. उष्णकटिबंधात वादळामागोमाग काही तासांत आकाश निळंशार होऊ शकतं आणि त्याच रात्री दरडही कोसळू शकते. म्हणून आकाश सर्वांत शेवटी बघायचं. आधी वारा, मग हवेचा दाब, मग डोंगर आणि दर्या.

आधी खात्री: वादळ खरंच गेलंय ना?

घोंघावणारा वारा एकाएकी पडला, तर ती सुटका नसून वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मध्यावरचा शांत भाग, असू शकतो. ही शांतता काही मिनिटं टिकते, कधी तासभरही. मग वारा उलट दिशेने येतो, तोही आल्या आल्या पूर्ण जोरात. वादळ खरोखर निघून जातं तेव्हा वारा तासातासाने, कुरकुरत उतरतो.

काही वादळं माघारीही वळतात. जानेवारी १९८० मध्ये ह्यासिंथ नावाचं चक्रीवादळ हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाभोवती घुटमळत राहिलं. तिथल्या ज्वालामुखीच्या कोमेरसाँ विवराजवळ १५ दिवसांत ६,०८३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेव्हा ‘गेलं’ हा शब्द अधिकृत बुलेटिन वाचल्यावरच वापरावा.

पायरी १: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाबाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. डोंगर आणि इमारती वारा वळवतात, त्यामुळे हे मोकळ्या जागी करा किंवा खालच्या ढगांची चाल बघा. दर तीन तासांनी दिशा लिहून ठेवली की वादळ कुठे सरकतंय ते तुम्हालाच दिसू लागतं.

उष्णकटिबंधातल्या बेटांवर एरवी व्यापारी वारे वाहतात: उत्तर गोलार्धात ईशान्य ते पूर्वेकडून, दक्षिणेत आग्नेय ते पूर्वेकडून. वादळ ही घडी विस्कटून टाकतं. समजा कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावरून ते वायव्येला गेलं. आता वारा दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा होतो. हवा कुंद, अंग चिकट, आणि मधूनच सरींचा एखादा लांबलचक पट्टा. हे वादळाचं शेपूट. वारा पुन्हा पूर्वेकडून येऊन स्थिर होईपर्यंत हवामान निवळलं असं मानू नका. त्यातही वारा अगदी पडलेला असेल, तर दुपारच्या उन्हाने तापलेल्या डोंगरांवर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह कोसळतात.

पायरी २: हवेच्या दाबाची रोजची चाल शोधा

ही खूण फार कमी लोक वापरतात. माझी मात्र सर्वांत आवडती. उष्णकटिबंधात हवेच्या दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक जेमतेम दोन-तीन हेक्टोपास्कलांचा (हे हवेच्या दाबाचं एकक), पण रोजचा. वादळ जवळ असताना ही चाल पुरती बुडून जाते. ते गेल्यावर दाब आधी झपाट्याने वाढतो, मग हळूहळू, आणि एखाद्या सकाळी दहाचा उंचवटा पुन्हा दिसतो. सलग दोन दिवस तो दिसला, तर घडी बसू लागली आहे.

अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो, तो चालेल. फक्त नोंद एकाच ठिकाणी घ्या. आठ मीटर वर गेलं तरी दाब सुमारे एक हेक्टोपास्कल कमी होतो. जिना चढलात की आकडे बिघडले.

पायरी ३: डोंगराची कोणती बाजू भिजतेय?

घात इथे होतो. २००९ मध्ये मोराकोट वादळ ७ ऑगस्टच्या रात्री तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी बेट ओलांडून पश्चिमेच्या सामुद्रधुनीत उतरलं. वाऱ्याच्या जोरात ते मोठं नव्हतं. पण केंद्र पुढे गेल्यावर त्याने नैर्ऋत्य मोसमी वारे बेटाकडे ओढून घेतले आणि दक्षिणेतल्या डोंगरांवर पाऊस ओततच राहिला. तिथल्या अलीशान या डोंगराळ भागात काही दिवसांत २,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ९ ऑगस्टच्या सकाळी श्याओलिन गावावर डोंगर कोसळला. ४०० हून अधिक माणसं गेली. केंद्र तेव्हा बेटावर नव्हतं.

म्हणून नकाशात केंद्राबरोबर वारा आणि उतार यांचं नातं बघा. वारा ज्या उतारावर येऊन आदळतो तो भिजतो, पलीकडची बाजू तुलनेने कोरडी राहते. वादळानंतर वारा उलटला की नेहमीची कोरडी बाजूच ओली होते, आणि तिथली गटारं, पूल, घरं त्या पावसाच्या बेताने बांधलेली नसतात. जमीन आधीच भिजून गच्च झालेली असल्याने साधी जोरदार सरही पूर आणते. किनाऱ्यावर ऊन असलं तरी नदी गढूळ होऊन चढत असेल, तर वर पाऊस चालू आहे असं समजा.

पायरी ४: लाटा मोजा

दहा लाटा मोजा, लागलेल्या सेकंदांना दहाने भागा. सहा-आठ सेकंद आले तर लाटा जवळच्या वाऱ्याच्या. बारा-चौदा आले तर त्या दूरच्या वादळाने पाठवलेल्या. चौदा सेकंदांच्या लाटांचा तांडा दिवसाला सुमारे ९०० किलोमीटर कापतो. म्हणजे वादळ क्षितिजापलीकडे असतानाही त्या येत राहतात. वारा नाही, ऊन लख्ख, आणि लाट मात्र जेट्टीवरून माणूस ओढून नेईल इतकी जड. बोट काढण्याचा किंवा पोहण्याचा निर्णय आकाशावरून घेऊ नका.

पायरी ५: बुलेटिन, आणि पुढचं वादळ

चक्रीवादळांचे अधिकृत अंदाज मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, रीयुनियन आणि नादी (फिजी) इथली केंद्रं देतात. स्थानिक हवामान खात्याचा पूर आणि दरडींचा इशारा त्याआधी वाचा. वेळा आणि उपग्रहचित्रं बहुधा जागतिक वेळेत (यूटीसी) असतात, ती आपल्या घड्याळात बसवून घ्या.

अंदाजाच्या नकाशावरचा शंकूसारखा पट्टा केंद्राचा संभाव्य मार्ग सांगतो, वादळाचा पसारा नव्हे. मायामीच्या शंकूत केंद्र साधारण तीनपैकी दोनदा आत राहतं. तिसऱ्यांदा बाहेर जातं. मायामीचं केंद्र पुढच्या सात दिवसांत नवं वादळ तयार होण्याची शक्यताही टक्क्यांत देतं. त्या अंदाजाच्या नकाशात, वारा जिकडून येतो त्या आपल्या बेटाच्या बाजूला रंगवलेला पट्टा दिसला, तर छपराची डागडुजी आणि पाण्याचा साठा आधी, बाकीचं नंतर. २०१७ मध्ये इर्मा वादळ ६ सप्टेंबरला कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोच्या उत्तरेकडून निघून गेलं. मारिया त्याच बेटावर थेट येऊन धडकलं ते २० सप्टेंबरला, मध्ये फक्त दोन आठवडे होते.