रिसॉर्टचं 'सगळं त्यात आलं' पॅकेज घ्यायचं का? आधी खाडे मोजा

सांगलीत विश्रामबागला माझी मेस आहे, बावीस वर्षं झाली. वालचंद कॉलेजची पोरं, विलिंग्डन कॉलेजची पोरं, दोन-तीन बँकेतले एकटे राहणारे, असे साठ-पासष्ट मेंबर. आमच्या धंद्यात एक शब्द रोज कानावर पडतो, खाडा. पोरगं गावाला निघालं की आदल्या रात्री सांगतं, "काकू, उद्यापासून खाडा धरा." सलग तीन दिवसांच्या वर असेल तर मी पैसे वजा करते. एखाद्या वेळचा खाडा धरत नाही. खोटं कशाला बोलू, मेस चालते ती त्या एखाद्या वेळेवरच. साठ ताटांचे पैसे घ्यायचे आणि पन्नास जणांचा स्वयंपाक टाकायचा, हे जमलं की महिना सुटतो.

आता सुट्ट्या आल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, रिसॉर्टचं पॅकेज घेतोय, राहणं-खाणं सगळं त्यात. घ्यावं का?" मी म्हणते, ती पण मेसच आहे. फक्त तिथं एकाही वेळचा खाडा धरत नाहीत.

आधी 'सगळं' म्हणजे काय ते समजून घ्या. हॉटेलवाल्यांची आपली भाषा असते. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. मॅप म्हणजे नाश्ता आणि दोनपैकी एक जेवण, बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे त्यावर मधलं खाणं, पेयं आणि काही खेळबिळ. आपल्याकडं जाहिरातीत एपीलाच सर्रास 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणतात, म्हणून नाव बघू नका, यादी बघा. माझा भाचा सांगत होता, ही पद्धत क्लब मेड नावाच्या कंपनीनं १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरू केली. जेवण त्यात, पण बारमधलं पेय वेगळं, आणि पोहण्याच्या कपड्यांत पैसे कुठं ठेवणार म्हणून पुढं गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे. म्हणजे सगळं त्यात असूनही काहीतरी बाहेर ठेवायची रीत मुळापासूनचीच.

आमचं काय झालं ते सांगते. मेसला सुट्टी होती. महाबळेश्वरजवळचं एक रिसॉर्ट मुलानं ठरवलं, दोन रात्री. पाच मोठी माणसं, म्हणजे मी, हे, सासूबाई, मुलगा, सून, आणि सहा वर्षांचा नातू. पहिल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापासून तिसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत सगळं त्यात. मोठ्यांची हिशोबानं तीस ताटं झाली.

सातला निघालो. पेठ नाक्यावरून कराड, तिथं मिसळ. मग सातारा, मेढा, आणि केळघरचा घाट. घाटात सासूबाईंना आणि सुनेला गरगरलं, दोघी दुपारी जेवल्याच नाहीत. रात्री सासूबाईंनी खोलीत दूध-बिस्कीट घेतलं. दुसऱ्या दिवशी संकष्टी! बुकिंग करताना कुणीच कॅलेंडर बघितलं नव्हतं. गणपतीच्या सांगलीतल्या माणसाकडून ही चूक व्हावी, म्हणजे बघा. समोर चौदा पदार्थांचा नाश्ता मांडलेला आणि आम्ही तिघी बायका केळं खात बसलेल्या. साबुदाण्याची खिचडी होईल का विचारलं, तर होईल, पण बिल वेगळं. दुपारी सगळे प्रतापगडावर होतो, त्यामुळं जेवणाची वेळ तिकडंच गेली. तीसपैकी खाल्ली एकोणीस ताटं. खाडे अकरा.

परत आल्यावर वहीत मांडलं. दर माणशी रोजचे दीड हजार जेवणाचे लावले होते, म्हणजे पाच जणांचे दोन दिवसांचे पंधरा हजार. एकोणीसनं भागा. एक ताट पडलं ७९० रुपयांच्या आसपास. माझं ताट नव्वदला आहे, त्यात ताक पण येतं.

तुम्ही हेच गणित जायच्या आधी करा, कारण नंतर करून नुसती झोप उडते. एक कागद घ्या. आडवं प्रत्येक वेळचं खाणं लिहा, उभी माणसांची नावं. मग खरं खरं खूण करा, हा माणूस त्या वेळेला तिथं असणार आहे का, आणि असला तरी खाणार आहे का. उपवास, सकाळी फक्त चहा घेणारी माणसं, गाडी लागणारी माणसं, रात्री नुसतं दूध-भात खाणारी, सगळी धरा. ज्या दिवशी लांब फिरायला जायचं त्या दिवशीच्या दुपारच्या जेवणावर सरळ फुली मारा. क्षेत्र महाबळेश्वर, आर्थर सीट, प्रतापगड असं करून कुणी दीड वाजता ताटावर परत येत नाही.

मग त्याच तारखेचा, त्याच खोलीचा नुसता खोलीचा दर विचारा. पॅकेजमधून तो वजा केला की तुमच्या ताटांची किंमत निघते. त्याला खुणांच्या संख्येनं भागा, आणि त्या गावात बाहेर साधं जेवण कितीला पडतं त्याच्याशी ताडून बघा. आमच्या वेळी बाहेरचं ताट साधारण साडेतीनशेला पडत होतं. तीसच्या तीस ताटं खाल्ली असती तरी साडेदहा हजारच झाले असते. म्हणजे खाऊन वसूल होण्यातलं ते नव्हतंच. वरचे साडेचार हजार चहा-भजी, पोहायचा तलाव, नातवाचे खेळ आणि 'आता कुठं जेवायचं' ही कटकट नसणं, याचे होते. ते तेवढ्याचं वाटत असेल तर खुशाल घ्या. पण 'जेवण फुकट पडतं' म्हणून घेऊ नका. फुकट कुणी घालत नाही, मी पण घालत नाही.

सणाच्या दिवसांत नुसती खोली बऱ्याच ठिकाणी देतच नाहीत, जेवणासकटच घ्यावी लागते. तसं असेल तर आडदिवसाचे दोन्ही दर विचारून फरक काढा.

कराचंही बघा. एका रात्रीचा खोलीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे असं आहे. जेवण धरून लावलेला दर त्या रेषेच्या अलीकडं की पलीकडं, आणि कर कोणत्या रकमेवर, हे विचारायला लाजू नका. आणि जाहिरातीतला दर माणशी आहे की खोलीचा, हे सगळ्यात आधी. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही खोलीत दोघं राहणार असं धरून.

पैशानंतर दुसरा मुद्दा म्हणजे कुंपणाबाहेर काय आहे. भाचा लग्नानंतर मालदीवला गेला होता. तिथं एका बेटावर एकच रिसॉर्ट. बाहेर समुद्र. पाण्याची बाटली आणायला पण दुसरं दुकान नाही, आणि दारू मिळते ती रिसॉर्टच्या बेटांवर, स्थानिक लोकांच्या बेटांवर नाही. अशा ठिकाणी सगळं आत असलेलंच पॅकेज घ्यावं, नाहीतर प्रत्येक कपामागं बिल येतं. पण विमानतळापासून बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचे किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे पैसे त्यात आहेत का, ते बघा. शिवाय तिथल्या सरकारचा ग्रीन टॅक्स आहे, जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टला माणशी रात्रीला १२ डॉलर.

गोव्याचं उलटं. बाहेर पडलं की दहा पावलांवर माशाचं ताट. तिथं तीन वेळचं बुफेत अडकवून घ्यायचं म्हणजे सांगलीत येऊन भडंग न खाता जाण्यासारखं. सीपी घ्या, सकाळचं तेवढं आत करा आणि सुटा.

महाबळेश्वरचं ऋतूवर आहे. थंडीत आणि उन्हाळ्यात पॉइंट, बाजार, पाचगणीचं टेबललँड, स्ट्रॉबेरीची शेतं, माणूस बाहेरच असतो. जुलैत मात्र तिथला पाऊस म्हणजे पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. पॉइंटवर जाऊन पांढरा पडदा बघायचा आणि ओलं होऊन परत यायचं. तेव्हा खोलीत बसून गरम भजी आणून देणारं कुणी असेल तर ते पॅकेज मला पटतं. दर पण उतरलेले असतात.

माणसं कोण आहेत, हे तर बघायचंच. आमचा नातू दर दोन तासांनी भूक लागली म्हणतो आणि समोर आलं की दोन घास खाऊन पळतो. त्याच्यासाठी बाहेर ताट मागवायचं म्हणजे टाकायचं. रिसॉर्टमध्ये सून दोन दिवस त्याच्या मागं लागली नाही, तिच्या तोंडावर हसू होतं. लहान मुलांचं निम्मं किंवा फुकट लावतात, पण वयाची हद्द प्रत्येकाची वेगळी, ती विचारून घ्या. बहिणी-बहिणी किंवा भावकी मिळून जात असाल तरीही हे बरं, कारण माणशी रक्कम आधीच ठरते आणि प्रत्येक हॉटेलात 'राहू दे, मी देतो' म्हणून बिलाची ओढाओढ होत नाही. ओढाओढ चालते, पण नंतर दोन वर्षं ऐकावं लागतं.

माझ्या भावासारखी माणसं मात्र नेऊ नका. त्याला प्रत्येक गावातली एक टपरी माहीत असते. वाईत गाडी थांबवून नाव नसलेल्या दुकानातला वडा खाणार आणि मग बुफेपुढं उभा राहून नाक मुरडणार.

साखरेचा आजार असलेल्यांनी जपून. आमच्या ह्यांना आहे. घरी दोन चपात्यांवर थांबणारा माणूस तिथं 'पैसे दिलेत' म्हणून गुलाबजामपाशी तीनदा गेला. बुफे कसा मांडतात ते मी धंद्यातली म्हणून सांगते. सूप, पाव, नूडल्स, भात असं पोट भरणारं आणि स्वस्त आधी, पनीर-मटण शेवटी, तोवर तुमची ताटली भरलेली. एक फेरी नुसती हात मागं बांधून मारा. शेवटापर्यंत बघा, मग ताटली उचला. बुफे सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच जेवा, नंतर भाज्या पातळ होत जातात. कशानं होतात ते मला विचारू नका.

फोनवर विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर समोरचा गोड बोलतो आणि आपण हो म्हणतो. खोली किती वाजता मिळणार आणि कधी सोडायची? दुपारी दोनला मिळून सकाळी अकराला सोडायची असेल तर तुमचा 'दोन दिवस, एक रात्र'चा मुक्काम एकवीस तासांचा झाला. म्हणून एका रात्रीसाठी 'सगळं त्यात आलं' पॅकेज क्वचितच परवडतं. पहिलं जेवण कोणतं, शेवटचं कोणतं? दुपारचं किती वाजता बंद? चहा कितीपासून कितीपर्यंत? आमच्याकडं साडेपाचला चहा बंद झाला. आम्ही प्रतापगडावरून सहाला आलो, थंडीनं कुडकुडत नऊ कप मागवले, आणि खोली सोडताना कपाला १२० रुपयांनी बिल. सगळं त्यात होतं, फक्त साडेपाचनंतरचा चहा नव्हता. उपवासाचं, कांदा-लसूण नसलेलं, बिनसाखरेचं मिळेल का, आणि त्यातच का? तलाव चालू आहे का? खेळांपैकी कोणते त्यात आणि कोणते पैसे देऊन? घरात म्हातारं माणूस असेल तर जेवणाची खोली किती पायऱ्यांवर? तिकडं सगळा उतार, सासूबाईंना प्रत्येक जेवणाला बेचाळीस पायऱ्या पडल्या. तळमजल्याची खोली मागून घ्या.

उत्तरं मिळाली की म्हणा, "हेच व्हॉट्सॲपवर टाका." टाळाटाळ केली की समजा. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप घातला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ सालीच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं.

एवढं करूनही मन धजत नसेल तर आधी एक दिवस कृषी पर्यटनाला जाऊन या. राज्य सरकारनं २०२० साली त्याचं धोरण आणल्यापासून शेतावर अशी पुष्कळ ठिकाणं झाली आहेत. सकाळचा नाश्ता, दुपारी चुलीवरचं जेवण, बैलगाडी, थंडीत हुरडा, संध्याकाळी चहा, सगळं माणशी एका रकमेत. म्हणजे छोटं ऑल इन्क्लुझिव्हच. दिवसभर एका कुंपणात तुमच्या घरची माणसं रमतात की अकरा वाजताच 'आता पुढं काय' म्हणतात, ते कळतं. आमचे हे साडेदहालाच म्हणाले होते.

माझ्यापुरतं विचाराल, तर ७९० चं ताट पडलं तरी मी परत जाणार आहे. बावीस वर्षांत त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच "काकू, आज भाजी काय?" कुणी विचारलं नाही. या जुलैत धाकटी बहीण आणि मी, दोघीच, आडदिवशी दोन रात्री. पुरुषमाणूस नाही, पॉइंट नाही, प्रतापगड नाही. कागदावर सगळ्या खुणा बरोबरच्या, एकही फुली नाही. खोली तळमजल्याची मागितली आहे, चहा सातपर्यंत द्यायचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंय, आणि तारीख संकष्टी टाळून धरली आहे.