लडाखचं प्रोजेक्ट आलंय? आधी दोरा घ्या

लेकीला शाळेत लडाख मिळालं. भूगोल, लोकसंख्या, वारसा सगळं एका चार्टवर आणि वर मॉडेल, बाईंनी सांगितलं होतं पंधरा दिवस आधी पण आम्हाला कळलं दोन दिवस आधी. घरोघरी हेच असणार म्हणून आम्ही कसं केलं ते लिहितेय.

ठाण्यात गोखले रोडवर जाऊन तयार चित्रांचे तक्ते आणू नका, त्यात पँगाँग लेक आणि बाइकवाले सोडून काही नसतं. सुरुवात पावसापासून करा. निळा दोरा घ्या, एक तुकडा दहा सेंटीमीटरचा कापा, हा लेहचा वर्षभराचा पाऊस, साधारण १०० मिमी. दुसरा अडीच मीटरचा, हा आपल्या ठाण्याचा, तो चार्टवर मावतच नाही, गुंडाळी करून चिकटवावा लागतो. लेकीची ट्यूब तिथेच पेटली, कारण आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी पडतो तेवढा तिथे वर्षात पडतो, मान्सूनचे ढग हिमालय अडवतो ना.

आता मॉडेल. पुठ्ठ्यावर पेपरचा लगदा आणि मैद्याची खळ. दक्षिणेकडून क्रम असा लावा: हिमालय, झांस्कर रांग, सिंधूचं खोरं, लडाख रांग, मग श्योक-नुब्रा नद्यांचं खोरं आणि शेवटी काराकोरम. लेह ३५०० मीटरवर आहे, हे लिहायला विसरू नका. आणि रंगवताना सगळी पोरं डोंगर हिरवे करतात, आमचीनेही ठाण्याच्या येऊरसारखा हिरवागार डोंगर केलाच होता, मग वरून ब्राऊन मारला. हिरवा फक्त नदीकाठी आणि गावांभोवती, कारण शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, छोट्या पाटांनी आणलेल्या. एप्रिल-मेमध्ये पेरणीला ते पाणी कमी पडतं म्हणून लडाखचेच इंजिनिअर सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातलं पाणी शंकूसारखं गोठवून ठेवायचा आइस स्तूप काढला, तो कापसाचा करता येतो, दोन मिनिटांचं काम आणि मार्क हमखास. घरं करताना छप्पर सपाट ठेवा, मातीचं, पाऊसच नाही तर उतार कशाला. पण ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा हीच मातीची घरं वाहून गेली, हेही एका ओळीत टाका.

सिंधू मात्र कराचीजवळ अरबी समुद्रात जाते, म्हणजे आपल्या खाडीचं पाणी जातं त्याच समुद्रात. लडाखला स्वतःचा किनारा नाही पण त्याचं पाणी समुद्राला पोचतं.

लोकसंख्या पटकन उरका. २०११ ला २ लाख ७४ हजार, आणि नुसतं ठाणे शहर १८ लाखांच्या वर, म्हणजे सहा लडाख बसतील. क्षेत्रफळ मात्र ५९ हजार चौ.किमी., चौरस किलोमीटरला चार-पाच माणसं. लेहकडे बौद्ध जास्त, कारगिलकडे शिया मुस्लिम, त्यामुळे 'लडाख म्हणजे सगळे बौद्ध' असं लिहू नका, आम्ही लिहिलेलं खोडावं लागलं. केंद्रशासित प्रदेश झाला ३१ ऑक्टोबर २०१९ ला. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच वापरा, परदेशी साइटवरचा उचलला तर सीमा चुकतात आणि बाई पहिलं तेच बघतात.

वारशात सगळे गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, कोंबायचा मोह होतो. आम्ही तीनच ठिकाणं घेतली: अल्चीची भित्तिचित्रं, सेंगे नामग्याल राजाने १७ व्या शतकात बांधलेला नऊ मजली लेह पॅलेस आणि कारगिलकडच्या मुलबेखची कातळात कोरलेली मैत्रेयाची मूर्ती. त्याशिवाय चांगथांग पठारावरचे चांगपा मेंढपाळ, पश्मिना त्यांच्याच शेळ्यांची, थंडीत वाढलेल्या मऊ लोकरीची. खाऊ म्हणून डबीत सुके जर्दाळू ठेवा, काश्मीरकडून येणारा झोजी ला घाट हिवाळ्यात बंद व्हायचा तेव्हा सुकवून ठेवलेलंच खायचे. डबी शाळेत पोचेपर्यंत अर्धी झाली होती.

आणि मॉडेल न्यायचं असेल तर रिक्षात पुढे मांडीवर, वरून मोठी प्लास्टिकची पिशवी. आमचा सिंधूचा काठ ठाण्यातल्या 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या ठिकाणी पावसात भिजला, निळा रंग सगळा काराकोरमवर चढला.